लॅरावेलमध्ये परवानग्यांचं पॅकेज बसवताना: आंब्याच्या पॅकहाउसचं उदाहरण घेऊन

रत्नागिरीत राहून मी आंबा पॅकहाउस, होमस्टे आणि पतसंस्थांसाठी लॅरावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये सॉफ्टवेअर करते. अशा प्रत्येक कामात कधी ना कधी मालक विचारतोच, "हे सगळं सगळ्यांना दिसतं काय?" तोवर लॉगिन झालेलं असतं, स्क्रीन तयार असतात आणि कोडमध्ये जागोजागी 'युजर ॲडमिन असेल तर' अशा अटी पेरलेल्या असतात. त्या उपसून काढणं फार जिकिरीचं काम. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात परवानग्यांची घडी नीट बसवलेली बरी.

त्यासाठी मी स्पाटी या बेल्जियममधल्या कंपनीचं लॅरावेल-परमिशन हे पॅकेज वापरते. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि अडचण आली तर उत्तर सापडतं. बसवायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो कोणाला काय करू द्यायचं हे ठरवायला, आणि तिथेच घाई होते. ओवॅस्प ही संस्था वेब सुरक्षेतल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. तिच्यात परवानग्यांमधला ढिसाळपणा २०१७ साली पाचव्या क्रमांकावर होता, २०२१ च्या यादीत तो पहिला आला.

हाताशी काय हवं

- चालू असलेला लॅरावेल प्रकल्प, ज्यात लॉगिन आधीच काम करतंय
- कंपोजर (पीएचपीची पॅकेजं उतरवणारं साधन) आणि टर्मिनल. सर्व्हरवरही टर्मिनल मिळेल अशी होस्टिंग घ्या. नुसत्या कंट्रोल पॅनेलवाल्या स्वस्त होस्टिंगवर पुढे अडाल
- डेटाबेसचा ताजा बॅकअप, आणि गिटवर सगळं कमिट केलेलं
- धंद्यातल्या माणसांची यादी: कोण, काय काम करतो, कोणाच्या फोनवरून करतो
- मालकाचा निवांत एक तास. हंगामात, म्हणजे मार्च ते मे, तो मिळणार नाही. दिवाळीनंतर लगेच मागून घ्या

आज्ञा आणि फंक्शनांची नावं पॅकेजच्या डॉक्युमेंटेशनमधून जशीच्या तशी उचला. मी इथे क्रम, कारणं आणि अडकायच्या जागा सांगते.

१. आधी मालकाबरोबर कागद घेऊन बसा

कागदावर डावीकडे माणसं लिहा: मालक, हिशेबनीस, पॅकहाउसचा सुपरवायझर, बागायतदार, टेम्पोवाला. वर आडव्या ओळीत कामं लिहा. कामं लिहिताना 'आंबा मॉड्यूल', 'अकाउंट मॉड्यूल' असं मोघम नको, क्रियापद हवं: आवक नोंदवणे, ग्रेड बदलणे, गाडी रवाना करणे, पट्टी भरणे, पट्टी पाहणे, उचल नोंदवणे, उचल मंजूर करणे, बँक खातं बदलणे.

यातली पट्टी जरा जवळून बघा. वाशीच्या बाजारातून अडत्याची पट्टी येते: अमुक तारखेला इतक्या पेट्या, चार डझनीला हा भाव, पाच डझनीला तो, भाडं-हमाली वजा जाऊन हातात इतके. हिशेबनीस ती सॉफ्टवेअरमध्ये भरतो. सुपरवायझरला पेट्यांचा आकडा जुळवून बघायचा असतो, पण भाव बघायचं त्याला कारण नाही. बागायतदाराला भाव बघायचाच असतो, पण फक्त स्वतःच्या मालाचा. म्हणजे एकाच कागदावर तीन वेगवेगळ्या परवानग्या निघाल्या. हे कोडिंग सुरू केल्यावर सुचत नाही, मालकाशी बोलतानाच कळतं.

'नोंदवणे' आणि 'मंजूर करणे' या नेहमी दोन परवानग्या ठेवा. मालक सुरुवातीला म्हणेल, "आमच्याकडे दोन्ही एकच माणूस करतो." हरकत नाही, दोन्ही त्याच माणसाला द्या. पण परवानग्या दोनच राहू द्या. धंदा वाढला की उचलीवर सही करणारा माणूस वेगळा होतो, आणि तेव्हा तुम्हाला कोडला हात लावावा लागत नाही.

बागायतदारांचे आधार क्रमांक, सातबारा, पासबुकाचे फोटो तुमच्याकडे जमा होणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळा रकाना करा. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या पॅकहाउसवर कोणी एवढा दंड ठोकेल असं मला वाटत नाही. पण आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची कागदपत्रं आपल्या हातात आहेत, एवढं कारण मला पुरतं.

२. युजरच्या टेबलात 'रोल' नावाचा कॉलम आहे का, ते तपासा

रोल म्हणजे माणसाची भूमिका, तिला परवानग्यांचा संच जोडलेला असतो. चालू प्रकल्पात हा कॉलम हमखास असतो. या पॅकेजसोबत तो चालत नाही. युजर मॉडेलवर रोल, रोल्स, परमिशन किंवा परमिशन्स या नावाचा कॉलम, प्रॉपर्टी किंवा फंक्शन असता कामा नये. पॅकेज स्वतः ती नावं वापरतं. आणि दोन्ही एकत्र राहिले की चूक कुठे आहे ते एररवरून चटकन उमगत नाही.

एक मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) लिहून कॉलमचं नाव 'जुना रोल' असं काहीतरी करा. पॅकेज बसलं की एका छोट्या स्क्रिप्टने प्रत्येक युजरला त्याच्या जुन्या रोलप्रमाणे नवा रोल द्या. थोडे दिवस सगळं सुरळीत चाललं की मगच कॉलम काढून टाका.

३. पॅकेज उतरवा, पण मायग्रेशन लगेच चालवू नका

कंपोजर रिक्वायरने पॅकेज घ्या. मग आर्टिझनच्या (लॅरावेलच्या टर्मिनलवरच्या साधनाच्या) व्हेंडर-पब्लिश आज्ञेने दोन गोष्टी तुमच्या प्रकल्पात येतात: एक मायग्रेशन आणि परमिशन नावाची कॉन्फिग फाइल. इथे थांबा आणि कॉन्फिग फाइल उघडून वाचा.

त्यातली महत्त्वाची ओळ 'टीम्स'ची. एकाच माणसाचा रोल ठिकाणानुसार बदलणार असेल, म्हणजे देवगडच्या पॅकहाउसमध्ये तो सुपरवायझर आणि रत्नागिरीच्या पॅकहाउसमध्ये नुसता बघणारा, तर टीम्स चालू करावी लागते, आणि ती मायग्रेशनच्या आधी. कारण त्यानुसार टेबलांमध्ये जादा कॉलम येतो. नंतर चालू करायची वेगळी आज्ञा आहे, पण भरलेल्या डेटावर ते करणं तापदायक आहे. टीम्स घेतलीत तर प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला चालू टीम कोणती ते मिडलवेअरमधून (रिक्वेस्ट कंट्रोलरपर्यंत पोचण्याआधी चालणाऱ्या कोडमधून) सांगावं लागतं, आणि ते मिडलवेअर रूटमधले (ॲपच्या पत्त्यांमधले) मॉडेल शोधणाऱ्या मिडलवेअरच्या आधी चालायला हवं. एकच पॅकहाउस असेल तर टीम्स बंद राहू द्या. 'पुढेमागे लागेल' म्हणून चालू करू नका.

मग कॉन्फिगची कॅश (वेग वाढवायला तात्पुरती साठवलेली प्रत) साफ करा आणि मायग्रेट करा. 'परमिशनची कॉन्फिग लोड झाली नाही' असा एरर आला तर कॅश साफ करायची राहिली आहे. तुमची कॅश डेटाबेसमध्ये ठेवलेली असेल तर कॅशचं टेबल आधीच असायला हवं, कारण हे मायग्रेशन शेवटी कॅशला हात लावतं. सगळं ठीक झालं की पाच नवी टेबलं दिसतील: रोल्स, परमिशन्स, आणि त्यांना एकमेकांशी व युजरशी जोडणारी तीन.

४. युजर मॉडेल आणि सीडर

युजर मॉडेलमध्ये पॅकेजचं 'हॅज-रोल्स' हे ट्रेट जोडा. एवढीच ओळ.

परवानग्या हाताने, स्क्रीनवरून तयार करू नका. सीडरमध्ये (डेटाबेसमध्ये सुरुवातीचा डेटा भरणाऱ्या फाइलमध्ये) लिहा. म्हणजे त्या गिटमध्ये राहतात आणि तुमच्या लॅपटॉपवर आहे तेच सर्व्हरवर जातं. सीडरच्या पहिल्या ओळीत पॅकेजची कॅश विसरायला लावा, मग परवानग्या आणि रोल 'फाइंड-ऑर-क्रिएट' पद्धतीने तयार करा. नुसतं 'क्रिएट' वापरलंत तर दुसऱ्यांदा चालवताना 'ही परवानगी आधीच आहे' म्हणून सीडर थांबतो.

परवानगीचं नाव कोडमध्ये सगळीकडे टाइप करावं लागतं, त्यामुळे ते छोटं आणि रोमन लिपीत ठेवा. स्क्रीनवर दाखवायचं मराठी नाव परमिशन्सच्या टेबलात जादा कॉलम घालून साठवा. मालकाच्या स्क्रीनवर 'उचल मंजूर करणे' असंच दिसायला हवं, तरच तो स्वतः टिका मारून परवानग्या देऊ-काढू शकेल.

गार्डचीही (लॉगिन झालेला युजर कोण ते ओळखणाऱ्या पद्धतीची) इथेच काळजी घ्या. प्रत्येक रोल आणि परवानगी एका गार्डच्या नावाने साठते, बहुतेकदा 'वेब'. बागायतदारांसाठी वेगळं मॉडेल आणि वेगळा गार्ड केलात, तर वेबच्या नावाने तयार झालेला रोल त्यांना देता येत नाही, गार्ड जुळत नाही असा एरर येतो. माझा सल्ला: मालकापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे एकाच युजर टेबलात ठेवा आणि फरक रोलने करा.

५. आधी रूट बंद करा, बटण नंतर लपवा

नवे लोक सर्वात जास्त इथे चुकतात. ब्लेडमध्ये (लॅरावेलच्या स्क्रीनच्या टेम्प्लेटमध्ये) 'कॅन' लिहून बटण गायब केलं की काम झाल्यासारखं वाटतं. पण ज्याला तो पत्ता माहीत आहे तो ब्राउझरमध्ये टाइप करून तिथे पोचतो. बटण लपवणं ही वापरणाऱ्याची सोय आहे, सुरक्षा नाही.

म्हणून प्रत्येक रूटवर पॅकेजचं 'परमिशन' मिडलवेअर लावा. त्याचं टोपणनाव तुम्हालाच नोंदवावं लागतं. लॅरावेल १० पर्यंत ते एचटीटीपीच्या कर्नल फाइलमध्ये नोंदवायचे. २०२४ मध्ये आलेल्या ११ व्या आवृत्तीपासून नव्या प्रकल्पात ती फाइलच नाही, बूटस्ट्रॅप फोल्डरमधल्या ॲप फाइलमध्ये नोंदवायचं. जुना व्हिडिओ बघून काम करणारे इथे हमखास गोंधळतात. 'परमिशन नावाचा क्लास अस्तित्वात नाही' असा एरर आला की समजा नोंद राहिली. पॅकेजच्या सहाव्या आवृत्तीत मिडलवेअरच्या नेमस्पेसमधलं अनेकवचनी 'एस' गेलं, त्यामुळे जुनी ओळ कॉपी केली तरीही असाच एरर येतो.

आणि कोडमध्ये रोल तपासू नका, परवानगी तपासा. 'हिशेबनीस आहे का?' हा प्रश्न कोडमध्ये नको, 'पट्टी भरू शकतो का?' हा हवा. पुढच्या हंगामात मालकाची सून पट्ट्या भरायला बसली, पण उचलीचं तिच्याकडे नको असेल, तर नवा रोल तयार करून त्याला एक परवानगी दिली की झालं. रोलच्या नावावर अटी लिहिल्या असतील तर वीस फाइली उघडा.

पासबुकाचे आणि सातबाऱ्याचे फोटो 'पब्लिक' डिस्कवर ठेवले असतील तर वरचं सगळं त्यांना लागूच होत नाही. ती फाइल वेब सर्व्हर थेट देतो, लॅरावेलला विचारतही नाही. असे फोटो खाजगी डिस्कवर ठेवा आणि परवानगी तपासणाऱ्या कंट्रोलरमधूनच डाउनलोड करू द्या.

६. 'पट्टी पाहू शकतो' आणि 'स्वतःचीच पट्टी पाहू शकतो'

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश वाचा.

हे पॅकेज 'या माणसाला हे काम करता येतं का' एवढंच सांगतं. 'कोणाच्या मालावर' हे त्याला ठाऊक नसतं. समजा बागायतदाराला तुम्ही 'पट्टी पाहणे' ही परवानगी दिली. तो स्वतःची पट्टी उघडतो, पत्त्याच्या शेवटी ४१२ दिसतं. त्या जागी त्याने ४१३ टाइप केलं की शेजाऱ्याची पट्टी उघडते: किती पेट्या, काय भाव, किती उचल बाकी. आपल्याकडे वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात. अशी एक पट्टी फुटली की मालकावरचा विश्वास गेला, आणि पुढच्या वर्षी तो माल दुसऱ्या पॅकहाउसकडे.

यासाठी लॅरावेलची स्वतःची पॉलिसी, म्हणजे एका प्रकारच्या नोंदीवर कोण काय करू शकतो ते ठरवणारा क्लास, वापरायची. आर्टिझनने पट्टीसाठी पॉलिसी तयार करा आणि तिच्यात दोन परवानग्यांचा विचार करा: 'सर्व पट्ट्या पाहणे' असेल तर हो, नसेल, पण 'स्वतःची पट्टी पाहणे' असेल आणि पट्टीवरचा बागायतदार तोच असेल, तर हो, एरवी नाही. कंट्रोलरमध्ये पट्टी शोधल्यावर 'ऑथराइझ'ने ही पॉलिसी बोलवा.

इथे एक छुपा खड्डा आहे. हे पॅकेज लॅरावेलच्या गेटमध्ये, म्हणजे परवानगीचा प्रत्येक प्रश्न जिथे विचारला जातो तिथे, पॉलिसीच्या आधी आपली तपासणी करतं. युजरकडे त्या नावाची परवानगी असेल तर ते तिथेच 'हो' सांगतं आणि पॉलिसीपर्यंत गोष्ट जातच नाही. म्हणजे तुम्ही परवानगीचं नाव नुसतं 'व्ह्यू' किंवा 'अपडेट' ठेवलंत, आणि पॉलिसीतल्या फंक्शनचंही तेच नाव असलं, तर मालकी तपासणारा तुमचा कोड कधी चालणारच नाही. एररही येत नाही. परवानगीच्या नावात नेहमी वस्तूचं नाव घाला, पॉलिसीच्या फंक्शनशी ते जुळता कामा नये.

पॉलिसी एक पट्टी उघडताना चालते, यादी गाळत नाही. यादीच्या क्वेरीत बागायतदाराची अट वेगळी घालावी लागते. एक्सेल एक्स्पोर्ट, पीडीएफ, डॅशबोर्डवरची बेरीज, मोबाइल ॲपला माहिती देणारा एपीआय या सगळ्या ठिकाणी ती अट आहे का ते बघा. एक्स्पोर्ट तर बहुतेक वेळा राहूनच जातं.

पत्त्यात साध्या क्रमांकाऐवजी लांबलचक यूयूआयडी वापरला की प्रश्न सुटला असं काही जण सांगतात. अंदाज बांधणं कठीण होतं हे खरं, पण ती लिंक कोणी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली तर? मालकी तपासावीच लागते.

७. मालकाला सगळं खुलं

मालकाच्या रोलला एकेक परवानगी देत बसू नका. गेटच्या 'बिफोर'मध्ये 'मालक असेल तर हो' असं लिहा. पण मालक नसेल तर 'फॉल्स' परत करू नका, 'नल' करा. फॉल्स दिलात तर बाकीच्यांसाठी पॉलिसीपर्यंत गोष्ट जाण्याआधीच नकार मिळतो.

ही सोय फक्त 'कॅन' आणि गेटमधून तपासलं तरच चालते. 'हॅज-परमिशन-टू' हे पॅकेजचं फंक्शन गेटला विचारत नाही, त्यामुळे तिथे मालकालाच 'नाही' उत्तर मिळतं. म्हणून सगळीकडे 'कॅन'च वापरा. शिवाय बिफोरमुळे मालकासाठी पॉलिसीही चालत नाही. 'पैसे दिलेली पट्टी कोणीही बदलायची नाही' असा नियम असेल तर तो पॉलिसीत ठेवू नका. पट्टी साठवणाऱ्या कोडमध्ये ठेवा, म्हणजे तो मालकालाही लागू होईल.

८. 'परवानगी दिली तरी दिसत नाही'

असं झालं की कारण बहुतेकदा कॅश. कोणत्या रोलला कोणत्या परवानग्या आहेत हे पॅकेज चोवीस तास कॅशमध्ये ठेवतं. पॅकेजच्या फंक्शनांनी बदल केलात तर ती आपोआप साफ होते. पीएचपीमायॲडमिन उघडून टेबलात थेट ओळ घातलीत तर होत नाही, आणि मग तुम्ही तासन्‌तास कोडमध्ये चूक शोधत बसता. परमिशनची कॅश-रिसेट आज्ञा चालवा. सर्व्हरवर नवा कोड चढवताना सीडरनंतर ती नेहमीच चालवा.

एकाच सर्व्हरवर तीन पॅकहाउसची तीन ॲप्स आणि कॅश ठेवायला एकच रेडिस असेल, तर प्रत्येकाचा कॅश प्रीफिक्स वेगळा ठेवा. नाहीतर एकाच्या परवानग्या दुसऱ्याला लागतात.

९. टेस्ट लिहा, निदान 'नाही'च्या

मालक स्वतः वापरून बघतो तेव्हा त्याला सगळं चालतंच. चूक दिसते ती ज्याला चालू नये त्याला चाललं तर, आणि तो माणूस सांगायला येत नाही. म्हणून पहिल्या कागदावरच्या प्रत्येक रिकाम्या चौकटीसाठी एक टेस्ट: त्या रोलचा युजर म्हणून लॉगिन करा, रूट उघडा, ४०३ (परवानगी नाही) हा एरर यायलाच हवा. दोन बागायतदार तयार करून एकाने दुसऱ्याची पट्टी मागायची टेस्ट तर हवीच. टेस्टच्या सेटअपमध्ये परवानग्यांची कॅश विसरायला लावा, नाहीतर आधीच्या टेस्टच्या परवानग्या मध्ये येतात.

४०३ चं पान मराठीत करा. पहाटे पेट्या भरताना सुपरवायझरसमोर इंग्रजीतलं रिकामं पान आलं की तो सॉफ्टवेअर बंद पडलं समजून वहीत लिहायला लागतो. 'हे काम तुमच्या खात्यावर नाही, मालकांना विचारा' एवढं पुरे.

१०. लोक आल्यावर, लोक गेल्यावर

पॅकहाउसमध्ये एकच फोन, एकच लॉगिन, आणि सगळे त्यावर नोंदी करतात, हे फार दिसतं. असं असेल तर वरच्या नऊ पायऱ्यांचा काही उपयोग नाही. फोन एक असू द्या, पण खाती वेगळी करा आणि खातं बदलणं सोपं ठेवा: मोबाइल क्रमांक, छोटा पिन, चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा.

मे संपता संपता हंगामी माणसं जातात. त्यांचे रोल काढा. रोल काढले तरी थेट युजरला दिलेल्या परवानग्या तशाच राहतात, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. म्हणून मुळात थेट युजरला परवानगी देऊच नका, नेहमी रोलमधून द्या. युजर सॉफ्ट-डिलीट केलात (म्हणजे ओळ न पुसता फक्त काढल्याची खूण केलीत) तर त्याचे रोल टेबलात राहतात आणि खातं परत चालू केलं की जसेच्या तसे परत येतात. पुढच्या फेब्रुवारीत तोच माणूस परत आला तर ही सोय आहे, पण मधल्या काळात त्याचं काम बदललं असेल तर खातं चालू करण्याआधी मालकाला रोल विचारून घ्या.